निंबोळीची नोंद

परवा नातू पुण्याहून सुट्टीला आला होता. मैंदर्गीत त्याचा वेळ जात नाही, म्हणून मी अक्कलकोटला बाजाराला निघालो तसा तोही बरोबर आला. येताना एका कृषी सेवा केंद्रात डोकावलो. मला गुलाबासाठी थोडं खत हवं होतं. तेवढ्यात या पठ्ठ्यानं फळीवरची एक बाटली उचलली आणि अक्षरं लावत वाचू लागला. 'ॲझाडिरॅक्टिन १०,००० पीपीएम.'

"आजोबा, हे कसलं विष?"

मी म्हटलं, "अरे, हे आपल्या दारातलं झाड आहे."

त्याला ते खोटं वाटलं. मग दुकानदारानेच सांगितलं की ही निंबोळीच आहे, तिच्यातलं औषध काढून बाटलीत भरलेलं. १०,००० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग, थोडक्यात एक टक्का. नातवाने किंमत पाहिली आणि विचारलं, "मग आपल्या दारात एवढ्या निंबोळ्या पडतात, तर लोक हे विकत का घेतात?"

प्रश्न साधा होता. पण त्याचं उत्तर देता देता एस.टी. मैंदर्गीला पोचली तरी ते संपलं नाही. म्हणून आज इथे सविस्तर लिहितो. त्यात माझी एक चूकही आहे. पंचवीस वर्षं होऊन गेली तिला, पण ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

आमचं घर दोन भाषांचं. घरात कानडी, शाळेत मराठी. कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या आमच्या अक्कलकोट तालुक्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा, आणि कडुनिंबाला बेवु. पाडव्याला, म्हणजे आमच्या उगादीला, बेवु-बेल्ल खायचं. बेवु म्हणजे निंब, बेल्ल म्हणजे गूळ. गूळ आम्ही आधी चाटून घ्यायचो आणि निंब हळूच मांजरापुढे टाकायचो. मांजरही खायचं नाही.

निंबाचा खरा उपयोग मी पाहिला तो आज्जीच्या हातून. सुगी झाली की ज्वारी कणगीत भरायची. तळाला सावलीत वाळवलेला निंबाचा पाला, त्यावर ज्वारी, पुन्हा पाल्याचा थर, पुन्हा ज्वारी. मध्ये मध्ये चार बिब्बे टाकलेले. बियाण्याच्या कडधान्याला चुलीतली चाळलेली राख चोळायची. खायच्या तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा. कपड्यांच्या ट्रंकेत वेखंडाचे तुकडे. आणि आमच्या बहिणींच्या डोक्यात उवा झाल्या की सीताफळाच्या बिया वाटून लावायच्या. त्या वेळी आज्जी डोळ्यांवर फडकं घट्ट बांधायची. ते औषध डोळ्यात गेलं तर डोळा जायची भीती, हे तिला ठाऊक होतं.

हे सगळं एकाच पद्धतीने काम करत नाही, हे मला फार उशिरा कळलं. राख किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते आणि किडा सुकून मरतो. एरंडेलाने दाण्यावर घातलेली भुंग्याची अंडी गुदमरतात. निंबाच्या पाल्याने किडा फारसा मरत नाही, त्याला तिथे राहावंसं वाटत नाही एवढंच. सीताफळाच्या बीत मात्र खरंखुरं विष असतं. आज्जीला यातलं 'का' माहीत नव्हतं. 'किती' आणि 'कधी' मात्र पक्कं माहीत होतं. पाला ओला चालणार नाही, राख चाळलेली हवी, एरंडेल डाळ चमकेल एवढंच.

ज्यांच्याकडे धान्य जास्त त्यांच्याकडे पेव असायचं. जमिनीत खोल खणलेलं, कडेला कडबा लावून वरून बुजवलेलं. त्यात कसलंच औषध लागत नसे. आतला प्राणवायू धान्य आणि किडेच संपवतात, मग किडे जगत नाहीत. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं, हा दंडक होता. आमच्या भागातल्या शहाणपणाचा हा एक अस्सल नमुना मला वाटतो.

पण यातलं एक अक्षरही आमच्या घरात कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मी सात-आठ वर्षांचा असेन. मलेरियावाले आले. देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला, त्यातलीच ती फवारणी. खाकी कपडे, हातात पंप, आणि घरभर डीडीटीचा पांढरा फवारा. जाताना त्यांनी दाराशेजारी भिंतीवर फवारणीची तारीख लिहिली. पुढच्या वेळी खाली दुसरी तारीख. आमच्या घरात किडे मारण्याच्या औषधाची पहिली लेखी नोंद झाली ती अशी, डीडीटीची. आज्जीची कणगी त्याच भिंतीला टेकून उभी होती.

डीडीटीपाठोपाठ शेतात पावडर आली. बीएचसी. अप्पा ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ज्वारीवर आणि तुरीवर झटकत चालायचे. नाकाला काही बांधलेलं नसे. बांधावर येऊन हात नुसते झटकायचे आणि भाकरी सोडायचे. कुणालाच काही वाटत नव्हतं, कारण किडे खरोखर पटापट मरत होते. डोळ्यांदेखत मेलेली अळी बघितल्यावर निंबाच्या पाल्यावर कोण विश्वास ठेवणार? दहा-पंधरा वर्षांत कणगीतला पालाही बंद झाला. पुढे डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये सरकारने बंद केलं. पण तोवर आज्जी नव्हती आणि तिचं 'किती आणि कधी'ही नव्हतं.

गंमत अशी की खेड्यापाड्यांतून निंब मागे पडत होता त्याच काळात शास्त्रज्ञ त्याच्याकडे वळत होते. हा इतिहास मला निवृत्तीनंतर निवांतपणे वाचायला मिळाला.

सलीमुज्जमान सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये निंबाच्या तेलातून निंबिनसारखे कडू घटक वेगळे केले. फाळणीनंतर काही वर्षांनी ते पाकिस्तानात गेले आणि तिथल्या विज्ञान संशोधनाचा पाया त्यांनी घातला. १९५९ मध्ये हाइनरिश श्मुटरर हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ सुदानमध्ये होते. टोळधाड येऊन गेली आणि सगळं हिरवं फस्त झालं, पण निंबाची झाडं तेवढी उभी राहिली हे त्यांनी पाहिलं. पुढचं आयुष्य त्यांनी निंबावरच काढलं.

आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी जोतवाणी व राय यांनी १९६२ मध्ये टोळधाडीच्याच वेळी प्रयोग केला. निंबोळीचा गर कुटून त्याचं अगदी पातळ, ०.१ टक्का पाणी पिकांवर फवारलं. टोळ त्या पिकांवर उतरले, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. समोर हिरवंगार पीक आणि टोळ उपाशी! हे वाचताना मला आमचं मांजर आठवलं.

१९६८ मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी निंबोळीतला मुख्य घटक वेगळा केला. तोच बाटलीवरचा ॲझाडिरॅक्टिन. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की ती नक्की कळायला १९८५ उजाडलं. प्रयोगशाळेत तो पहिल्यापासून बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ली यांच्या गटाला बावीस वर्षं लागली, २००७ मध्ये ते जमलं. आपल्या दारातलं झाड तेच काम दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात करतं आणि आपण ते झाडून टाकतो.

महाराष्ट्रातही काम झालं. खादी ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांचा विभाग चालवला. त्यातून निंबोळी गोळा करणं, तेल काढणं, साबण करणं, पेंड खतासाठी वापरणं असा उद्योग उभा राहिला. पुण्याच्या सी. एम. केतकरांनी निंबाच्या उपयोगांवरचा सविस्तर अहवाल १९७६ मध्ये याच आयोगासाठी लिहिला. निंब या विषयावर जगात कुठेही काही लिहिलं गेलं की त्यात या अहवालाचा उल्लेख बहुधा सापडतो. राहुरी, अकोला, परभणीच्या कृषी विद्यापीठांनी पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस शेतकऱ्यांपर्यंत नेली.

या घडीपत्रिकांमधलीच एक माझ्या हाती आली, आणि इथून माझी गोष्ट सुरू होते.

मी हायस्कूलला मराठी आणि इतिहास शिकवायचो. शेती थोडी होती, ती वाट्याने दिलेली. त्या काळात आमच्याकडच्या तुरीवर शेंगा पोखरणारी अळी अनावर झाली होती. हरभऱ्यावरची घाटे अळी म्हणतात ती हीच. भारी भारी औषधं मारूनही ती मरेना. एकच प्रकारचं औषध वर्षानुवर्षं मारलं की त्याला पुरून उरणाऱ्या अळ्याच मागे राहतात आणि त्यांचीच पैदास वाढते. पलीकडे गुलबर्गा भागात तर बायामाणसं तुरीची झाडं हलवून अळ्या पोत्यावर पाडून गोळा करत होती. औषधाची उधारी मात्र दुधनीच्या अडतीत तूर घालायच्या आधीच डोक्यावर चढलेली असे.

अशा वेळी १९९७ च्या उन्हाळ्याच्या शेवटी मी मुलांना घेऊन निंबोळ्या गोळा केल्या. मोठा उत्साह! मैदानातल्या झाडांखालून, रस्त्यावरून पोती भरली. गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या आणि एका कोंदट खोलीत ठेवून दिल्या. वर्गात मी व्याख्यान झोडलं. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, परदेशी कंपन्यांची औषधं आपल्याला कशाला हवीत, वगैरे. त्या वर्षी काही त्या वापरायचं झालं नाही.

पुढच्या वर्षी, १९९८ च्या हिवाळ्यात, आमच्या शेजारचे एक शेतकरी माझ्याकडे आले. त्यांचं नाव नको, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो. तीन एकर तूर, औषधाला पैसे नाहीत, उधारी मिळत नाही. मला म्हणाले, "गुरुजी, तुमच्या त्या निंबोळ्या द्या की. तुम्ही म्हणताय तर मारतो."

मी दिल्या. कुटून, भिजवून, गाळून अर्कही केला. दुपारी बारा-एकच्या उन्हात आम्ही पंप मारला, कारण मला शाळेतून मधल्या सुट्टीतच सुटका होती. अळ्या तोवर बोटाएवढ्या झाल्या होत्या, निम्म्या शेंगांत शिरलेल्या. मी अण्णांना सांगितलं, आता दुसरं काही मारायची गरज नाही.

येळवस आली. आमच्याकडे वेळ अमावस्येला येळवस म्हणतात, त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. अण्णांनी मला आग्रहाने बोलावलं. भज्जी, बाजरीची भाकरी, अंबील, सगळं होतं. जेवण झाल्यावर ते मला तुरीत घेऊन गेले आणि एक झाड ओंजळीत धरून शेंगा दाखवल्या. शेंगेला गोल भोक आणि आत काही नाही. पुढच्या झाडाचं तेच. तीन एकरांत त्यांच्या घरच्या डाळीपुरती तूर झाली असेल नसेल.

अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "गुरुजी, पुस्तकात बरोबरच असंल. पण आमची अळी शाळंत गेली नव्हती." आणि हसले. त्या वर्षी त्यांनी एक बैल विकला. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

मी अस्वस्थ होऊन तालुक्याच्या एका कृषी सहायकाकडे गेलो. तरुण मुलगा होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि त्याने वहीतून डोकं वर न काढता प्रश्न विचारले. निंबोळ्या कोणत्या महिन्यात गोळा केल्या? उन्हात वाळवल्या की सावलीत? बुरशी होती का? किती किलो किती पाण्यात? फवारणी किती वाजता? त्या वेळी अळी किती मोठी होती? अंडी दिसली होती का?

काही प्रश्नांची उत्तरं मला अंदाजाने देता आली, काहींची मुळीच नाही. किती किलो ते मी मोजलंच नव्हतं. मी इतिहासाचा शिक्षक. वर्गात सनावळ्या चुकल्या की मुलांना उभं करणारा. आणि दुसऱ्याच्या तीन एकरांवर जे केलं त्याची एक ओळ माझ्याकडे लिहिलेली नव्हती.

त्याने मला जे समजावलं ते थोडक्यात असं. निंबोळीतलं औषध अळीला जागच्या जागी मारत नाही. ते तिची भूक घालवतं आणि कात टाकायच्या क्रियेत अडथळा आणतं. अळीला वाढायला पुन्हा पुन्हा कात टाकावी लागते, ती जमली नाही की ती खुरटते आणि मरते. म्हणून ते अंडी आणि बारीक अळी असतानाच मारायचं. मोठी अळी शेंगेत शिरल्यावर त्याचा उपयोग नाही. ऊन त्या औषधाला खाऊन टाकतं, म्हणून फवारणी संध्याकाळी. बी उन्हात वाळवलं किंवा त्याला बुरशी आली तर औषध बीतच नासतं. आणि बी आठ-दहा महिन्यांपेक्षा जुनं नको. माझं सोळा महिन्यांचं होतं.

म्हणजे जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या मी केल्या होत्या, आणि वर ते पूर्वजांच्या नावावर खपवलं होतं. आज्जीने पाला सावलीत वाळवला होता, हे मी लहानपणी रोज पाहिलेलं. डोळ्यांनी पाहिलं होतं, पण मनात उतरलं नव्हतं.

पुढच्या आषाढात मी एक दोनशे पानी वही घातली. अण्णांना विचारलं, अर्धा एकर द्याल का? नुकसान झालं तर मी भरून देईन. ते म्हणाले, "पैशाचं नंतर बघू, मोजमाप नीट करा." ताज्या पिकलेल्या निंबोळ्या आणल्या, पाण्यात चोळून गर काढला, बी सावलीत वाळवलं आणि तागाच्या पोत्यात हवेशीर ठेवलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तूर फुलावर येते आणि आषाढातलं बी तोवर तीन-चार महिन्यांचं, वापरायला अगदी योग्य झालेलं असतं. हा मेळ निसर्गानेच घालून ठेवलाय असं वाटावं, इतका तो नेमका आहे.

कृती लिहून ठेवतो, कुणाला उपयोग झाला तर बरं. पाच किलो वाळलेली निंबोळी फवारणीच्या आदल्या दिवशी कुटून बारीक करायची आणि नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. दुसऱ्या पात्रात एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा भिजवायचा. दुसऱ्या दिवशी अर्क फडक्याने पिळून गाळायचा, त्यात साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण शंभर लिटर होईल एवढं पाणी घालायचं. साबणामुळे अर्क पानाला धरून राहतो. केलेला अर्क त्याच संध्याकाळी संपवायचा, दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचा नाही.

निकाल काय लागला? चमत्कार झाला नाही. शेंगा पोखरलेल्या होत्याच, पण कमी. बाकी शेतात अण्णांनी तीन वेळा औषध मारलं, या अर्ध्या एकरात दोनदा अर्क आणि एकदाच औषध. उतारा दोन्हीकडे जवळजवळ सारखा, खर्च इकडे कमी. वहीत तेवढंच लिहिलंय. अण्णांनी वही मागून घेतली आणि स्वतःचा अंगठा उठवला. सही येत असून अंगठा का, विचारलं तर म्हणाले, "सही काय, कुणीबी करतंय."

हे चालू असतानाच, मे २००० मध्ये, वर्तमानपत्रात निंबाच्या पेटंटची बातमी आली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती आठवत असेल. अमेरिकेची डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी आणि तिथलं कृषी खातं यांनी युरोपीय पेटंट कार्यालयाकडे १९९० मध्ये अर्ज केला होता. निंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर त्यांना १९९४ मध्ये पेटंट मिळालं. बुरशीवर, किडीवर नव्हे, हे नीट लक्षात घ्यायला हवं. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या मागदा आलवूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९५ मध्ये त्याला आव्हान दिलं. म्युनिकमध्ये सुनावणी झाली आणि १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं. कंपनीचं अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं.

बातमी वाचून मी वर्गात पेढे वाटले. पण तपशील वाचला तेव्हा जागीच थबकलो. आपण समजतो की 'आमच्या आजीला हे माहीत होतं' म्हणून खटला जिंकला. तसं नव्हतं. त्या कार्यालयापुढे कधी, कुठे, कुणी, कशा प्रकारे वापरलं, हे दाखवावं लागत होतं. ते काम ज्यांच्या साक्षीने झालं त्यांत अभय फडके हे निंबाच्या अर्काचं उत्पादन करणारे गृहस्थ महत्त्वाचे ठरले. पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात निंबाचा अर्क फवारून पाहिला होता, हे त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. कंपनीच्या अर्जाच्या चार-पाच वर्षं आधीचं हे काम. म्युनिकच्या निकालात आपल्या पुणे-सांगलीच्या शेतांचा असा वाटा आहे.

हजारो वर्षांची परंपरा खरी होती. पण उपयोगी पडली ती तारीख-वार सांगता येणारी साक्ष.

आता एक सावधगिरीची गोष्ट, नाहीतर माझंच जुनं व्याख्यान पुन्हा दिल्यासारखं होईल. वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी असं मुळीच नाही. निपाणी भागात तंबाखूचा काढा किडीवर मारण्याची रीत जुनी. पण त्यातलं निकोटिन माणसाला कातडीतूनही बाधतं, आणि निकोटिन सल्फेटचा वापर आपल्या देशात बंद केलेला आहे. त्याच निकोटिनच्या धर्तीवर बनवलेल्या नव्या औषधांपैकी तिघांचा उघड्या शेतातला वापर युरोपने मधमाश्यांच्या काळजीपोटी २०१८ मध्ये बंद केला. काही झाडांच्या मुळांतलं रोटेनॉन मासे मारायला वापरत, तेही माणसाला सुरक्षित नाही. गावोगाव आज दशपर्णी अर्क करतात. निंब, निर्गुडी, करंज, सीताफळ, पपई, रुई, कण्हेर, एरंड वगैरे पाला महिनाभर कुजवून तो तयार होतो. त्यात कण्हेरही आहे हे विसरून पोरांना ते पिंप ढवळायला लावू नये.

आणि दुसरी बाजूही विसरता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या बातम्या वाचताना मला पुरचुंडी झटकत चालणारे अप्पा दिसत होते. मधल्या पन्नास वर्षांत औषधं बदलली, पण नाकाला फडकं बांधायची सवय आम्ही लावून घेतली नाही.

तर नातवाच्या प्रश्नाचं उत्तर. बाटली विकत घेतात ती का? कारण बाटलीवर लिहिलेलं असतं. किती टक्के, किती पाण्यात, कधीपर्यंत वापरायचं. दारातल्या झाडावर ते लिहिलेलं नसतं. आज्जीच्या डोक्यात ते होतं, पण तिला कुणी विचारलं नाही आणि मी विचारायच्या वयाचा झालो तेव्हा ती नव्हती. ज्याला सवड आहे, ताजी निंबोळी आहे आणि मोजमाप आहे त्याने घरी करावं. ज्याला नाही त्याने बाटली घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मात्र 'आपल्याला सगळं माहीतच आहे' या भरवशावर कुणाचं तीन एकर पणाला लावू नये.

अण्णा २०११ साली गेले. त्यांचा मुलगा आता ऊस करतो, तूर बांधापुरती. वही माझ्याकडेच आहे, कोपरे कुरतडलेले, पण अंगठा स्पष्ट दिसतो. नातवाने मोबाईलवर तिच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले आहेत. यंदा निंबोळ्या पडायला लागल्या की तो पुन्हा येणार म्हणतो. बघू. तराजू मी घासून ठेवलाय.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी धान्याला, कपड्यांना, झाडांना कीड लागू नये म्हणून आई-आज्जी काय करायची ते लिहून ठेवा. काय, किती, कोणत्या महिन्यात, आणि उपयोग झाला की नाही. नाही झाला असेल तर तेही लिहा. ते जास्त महत्त्वाचं असतं.

असो. बाहेर वारं सुटलंय, दारात पाला पडतोय. झाडायला हवं.